करवंदीचे कुंपण

आंबा हे फळ मोठे मानी. त्याला जात लागते, गाव लागते, पेटी लागते आणि पेटीत गवताची गादी लागते. तो बाजारात उतरण्याच्या आधी महिनाभर त्याचे भाव वर्तमानपत्रांत छापून येतात. फणसाचाही थाट काही कमी नाही. तो घरात शिरतो तोच चौघांच्या खांद्यांवरून आल्यासारखा. करवंदाचे मात्र तसे नाही. त्याला कोणी लावीत नाही, कोणी शिंपीत नाही, कोणी राखण ठेवीत नाही, आणि त्याचा भाव कुठल्या पानावर छापून येत नाही. वैशाखातल्या टळटळीत दुपारी आपण जेवून जरा आडवे झालेलो असतो, आणि रस्त्यावरून हाळी ऐकू येते, 'डोंगरची काऽळी मैना!' एवढीच काय ती त्याच्या आगमनाची वर्दी.

मग घरातली पोरे खाली धावतात, द्रोण भरून घेऊन येतात, आणि सारी मंडळी गोल करून बसतात. ज्यांचे बालपण महाराष्ट्रात गेले आहे त्यांना तो खेळ सांगायला नकोच. करवंद दातांनी अर्धे फोडायचे आणि विचारायचे, 'कोंबडा की कोंबडी?' आत लाल निघाले तर कोंबडा, पांढुरके निघाले तर कोंबडी. या खेळात कोणी हरले तरी करवंद पोटातच जाते, म्हणून तो भांडणावाचून संपणारा बहुधा एकमेव खेळ असावा. संपल्यावर सगळ्यांचे ओठ चिकाने चिकटलेले, बोटे जांभळी, आणि सदऱ्यावर एक तरी डाग ठरलेला. हा डाग धुताना आईने जे बोलायचे तेही पिढ्यान्पिढ्या ठरलेलेच आहे.

असे हे घरचे फळ. पण फळाच्या मागे झाड असते आणि झाडाच्या पायाखाली जमीन असते, ही गोष्ट आपण शहरातली माणसे सहसा विसरून जातो. गेल्या वैशाखात ती मला आणि माझ्या घरच्यांना जरा जवळून पाहायला मिळाली. तीच हकीकत आज वाचकांना सांगायची आहे.

झाले असे की आमच्या मेहुण्यांनी प्लॉट घेतला. मेहुणे ठाण्याला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या पडवीत बसून पाऊस पाहायचा, हा त्यांचा फार दिवसांचा ध्यास. नेरळ-कर्जतच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, रीतसर बिनशेती झालेले दहा गुंठे त्यांना मिळाले. नकाशात तो प्लॉट अगदी चौकोनी आणि शहाण्यासारखा दिसत होता. 'प्रत्यक्षात नुसते काटेरी रान माजलंय,' मेहुणे म्हणाले. 'पावसाळ्याआधी जेसीबी लावून साफ करून घेतो. चारी बाजूंनी तार, आत हिरवळ, आणि फाटकाशी बोगनवेल. भावोजी, तुम्ही आणि ताई एकदा जागा पाहून घ्या.'

म्हणून एका शनिवारी आम्ही सारे दादरहून कर्जत लोकलने निघालो. कल्याण मागे पडले की या गाडीचा स्वभाव बदलतो. बदलापूर, वांगणी करीत ती डोंगराच्या सोबतीने धावू लागते, आणि नेरळ येईपर्यंत उजव्या हाताला माथेरानची भिंत उभी राहते. हे माथेरान ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली साहेबलोकांच्या ध्यानात आणून दिले, आणि नेरळहून वर जाणारी ती चिमुकली आगगाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १९०७ साली पुरी केली. इतिहास असा लिहिला जातो. पण मॅलेटसाहेब वर चढले तेव्हा वाट दाखवायला पुढे कोणी तरी असलेच पाहिजे, आणि या डोंगराच्या अंगाखांद्यावर ठाकर, कातकरी माणसे त्याच्याही कितीतरी आधीपासून राहत आलेली आहेत. आजही पायथ्याच्या वाड्यांवरची ठाकर माणसे डोक्यावर ओझे घेऊन वर जातात आणि संध्याकाळी खाली उतरतात. माथेरानात मोटारीला बंदी आहे, परंतु त्यांच्यासाठी ती बंदी असली काय आणि नसली काय!

नेरळला उतरून रिक्षाने आम्ही त्या जागेवर पोचलो. ऊन मी म्हणत होते. गवत वाळून पिवळे पडलेले, सागाची पाने झडलेली, मातीला भेगा. पण त्या साऱ्या उन्हाळ्यात एक गोष्ट हिरवीगार होती, आणि ती म्हणजे मेहुण्यांचे 'काटेरी रान'. सबंध दहा गुंठ्यांवर करवंदीच्या जाळ्याच जाळ्या पसरल्या होत्या. माणसाहून उंच, फांदीत फांदी गुंतलेल्या, आणि फांदीफांदीवर घोस. काही हिरवे, काही लालसर, काही काळेभोर. आमच्या मेहुण्यांची आठ वर्षांची कन्या तर पाहतच राहिली. तिने आजवर करवंद प्लॅस्टिकच्या डबीत पाहिले होते. ते झाडावर इतके फुकट लागलेले असते, हे तिला ठाऊकच नव्हते.

इथे थोडे या झुडपाविषयी सांगितले पाहिजे. आमचे एक स्नेही वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांनी एकदा मला विचारले होते, 'करवंदीचे नातेवाईक कोण, ठाऊक आहे?' मी आपला बोर, तोरण असली काटेरी नावे सांगू लागलो. ते म्हणाले, 'छे! कण्हेर, तगर, सदाफुली, चाफा आणि सातवीण!' ऐकून मी चकित झालो. पण फांदी मोडून पाहिली की खात्री पटते. या सगळ्या घराण्याची खूण म्हणजे अंगातला चीक. कण्हेर विषारी, हे कोकणातले शेंबडे पोरही जाणते. सदाफुलीच्या अंगातल्या द्रव्यापासून रक्ताच्या कर्करोगावरचे औषध निघते. अशा कडक घराण्यात जन्म घेऊन आमची करवंदी मात्र पोराबाळांसाठी गोड फळ धरून बसली. माहेरची आठवण म्हणून तिने चीक तेवढा ठेवला, आणि काटे स्वतःचे केले.

माघ-फाल्गुनात हिला फूल येते. ते पाहिले नसेल तर अवश्य पाहावे. पांढरेशुभ्र, पाच पाकळ्यांचे, देठाशी बारीक नळी, आणि वास थेट जुईच्या वळणाचा. संध्याकाळी डोंगरउतारावरून चालताना हा वास आला की प्रथम वाटते, या रानात कोणाची बाग? फूल जुईचे, पान चकचकीत आणि बारमाही हिरवे, काटा असा की पायजम्यातून आरपार जावा. संस्कृतात हिला करमर्द म्हणतात, हिंदीत करौंदा. गोव्यात फळाला म्हणतात 'कांटां'. म्हणजे नावातच काटा. स्वीडनच्या लिनियसने १७६७ साली तिचे शास्त्रीय नाव ठेवले ते 'कॅरिसा करंडस', आणि त्यातला 'करंडस' म्हणजे आपल्याकडचेच नाव, लॅटिनचा अंगरखा घालून उभे राहिलेले.

आणखी एक गंमत सांगतो. वाढदिवसाच्या केकवर जी लालचुटूक चेरी बसवलेली असते, ती पुष्कळदा चेरी नसतेच. कच्च्या करवंदातल्या बिया काढून, ते साखरेच्या पाकात मुरवून आणि लाल रंग देऊन ती 'चेरी' तयार होते. म्हणजे जे फळ दारावर आले तर आपण वाट्यामागे पाच रुपये कमी करायला लावतो, तेच नाव बदलून आले की केकच्या मध्यभागी बसते. तेव्हा आपले करवंद परदेशी नावाने आपल्याच घरात कितीदा जेवून गेले असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

तर त्या शनिवारी आम्ही जागा पाहत होतो. तेवढ्यात जाळीच्या पलीकडून बोलणे ऐकू आले. चार ठाकर बायका आणि दोन पोरी करवंदे काढीत होत्या. प्रत्येकीच्या कमरेला फडक्याची ओटी, शेजारी टोपली, टोपलीवर पळसाची पाने. मेहुण्यांच्या कपाळाला बारीक आठी पडली. मालकी नवी असली की ही आठी आपोआप पडते, त्यात त्यांचा दोष नाही. पण त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने पुढे येऊन सरळ विचारले, 'तुम्हीच का हो नवे शेठ? बसा की सावलीला. उन्हाचं काय उभं राहायचं!'

स्वतःच्याच जागेत 'बसा' असा आग्रह झाल्यावर माणूस काय करणार? आम्ही बसलो.

आजींचे वय सत्तरीच्या पुढचे. हातांना काट्यांच्या ओरखड्यांची जाळी, बोटे चिकाने काळी पडलेली. त्या बोलत होत्या आणि बोटे आपली चाललेली. मी पाहत होतो. एकेक फळ हेरून, काटा चुकवून, देठापासून हलके सोडवायचे. पिकलेले करवंद दाबले की गेले. आमच्या सौ.ने हौसेने हात घातला आणि मिनिटाभरात 'आई गं' म्हणून काढून घेतला. आजी हसल्या. 'बाय, असा वरून नाय हात घालायचा. खालून घालायचा. काटा वरच्या अंगाला बघतो.'

करवंदे काढण्याचे त्यांचे काही नेम आहेत, ते त्यांनी सहज बोलता बोलता सांगितले. फांदी मोडायची नाही. हिरवे घोस पिकण्यासाठी ठेवायचे. लोणच्यासाठी काढायचे तर चैत्रात, आणि तेही एका जाळीचे सारे नाही. जाळीच्या शेंड्यावरची फळे पाखरांची, त्यांना हात लावायचा नाही. 'शेंड्याला हात पोचत नाही म्हणून?' मेहुण्यांनी विचारले. 'पोचतो की, आकडी हाये,' आजी म्हणाल्या, 'पण बुलबुलानं खाल्लं नाय, तर पुढली जाळी कोण लावंल? तुम्ही लावाल?'

प्राध्यापक स्नेह्यांना मी नंतर हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की आजींचे शास्त्र पक्के आहे. पाखरे फळ खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. इतकेच नव्हे, जाळीच्या पोटात गुरांचे तोंड पोचत नाही, म्हणून तिथे पडलेले दुसऱ्या झाडाचे बीही सुखाने रुजते. आंबा, जांभूळ, ऐन, किंजळ यांची कितीतरी रोपे अशी करवंदीच्या पदराआड वाढतात आणि मोठी झाली की डोके वर काढतात. उघड्या डोंगरावर रान पुन्हा उभे राहायचे असेल, तर आधी तिथे काटेरी जाळी यावी लागते. वणव्यात वरून जळली तरी ती बुडख्यातून पुन्हा फुटते. मेहुण्यांच्या जागेतही एका मोठ्या जाळीच्या मधोमध हातभर वाढलेला ऐन उभा होता. आजींनीच तो आम्हांला दाखवला.

मग गोष्ट पैशांवर आली. हंगाम सारा चार-पाच आठवड्यांचा. पहाटे उजाडायच्या आत निघायचे, उन्हे तापेपर्यंत टोपली भरायची, आणि गाडी धरून बदलापूर, कल्याण किंवा ठाणे गाठायचे. पिकलेले करवंद दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, म्हणून त्याच दिवशी विकले पाहिजे. संध्याकाळी राहिले तर मिळेल त्या भावाने. चांगला दिवस गेला तर गाडीचे भाडे वजा जाता तीनशे-चारशे रुपये सुटतात. मी विचारले, 'आजी, या पैशांचं काय करता?' त्यांनी बोटांवर मोजले. 'मीठ. सुकट. छपरावर टाकाया ताडपत्री. नातीच्या वह्या. पाऊस लागला का चार महिने हाताला काम नाय. करवंदं हायत म्हणून चूल हाये.'

मीठ त्यांनी पहिले सांगितले. त्या शब्दाने मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि आंब्याच्या सावलीत बसून मी ती मंडळींना सांगितली.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने मिठावर जबर कर बसवला. प्रांताप्रांतांतले कर निरनिराळे, म्हणून स्वस्त मीठ चोरून इकडून तिकडे जाऊ लागले. ते अडवण्यासाठी सरकारने देशाच्या छातीवरून एक जकातीची रेघ ओढली. सिंधू नदीपासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत, दोन हजारांहून अधिक मैल! तिच्यावर सुमारे बारा हजार माणसांचा पहारा. आणि या रेघेवर, पंजाबातून खाली आपल्या खानदेशाशेजारच्या बऱ्हाणपुरापर्यंत, त्यांनी कुंपण घातले. आधी वाळक्या काट्यांचे घातले; पण ते वाळवी खाई, वणवा जाळी, वारा उडवी. तेव्हा १८६७ ते १८७० या काळात जकात आयुक्त असलेले ॲलन ह्यूम यांनी जिवंत कुंपण वाढवण्याचा सपाटा लावला. बाभूळ, बोर, निवडुंग यांच्या जोडीला त्यात कोण होते? करवंदी! माणूस जाऊ शकणार नाही अशी दाट भिंत उभी राहिली. पुढे १८८५ साली मुंबईत राष्ट्रसभा स्थापन करण्यात पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. सांभर सरोवराचे मीठ सरकारच्या ताब्यात आल्यावर आणि प्रांतांचे कर बरेचसे सारखे झाल्यावर १ एप्रिल १८७९ रोजी ती रेघ मोडण्यात आली, आणि कुंपण शेतांत, रस्त्यांत विरून गेले. मिठाचा कर मात्र गेला नाही. त्यासाठी १९३० साली दांडीला चालत जावे लागले, आपल्याकडे शिरोड्याला आणि वडाळ्याला लाठ्या खाव्या लागल्या. त्याच वर्षी, याच रायगड जिल्ह्यात, २५ सप्टेंबरला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळ्या झाडल्या गेल्या. मीठ आणि रान, गरिबाच्या या दोन गोष्टींसाठी एकाच वर्षी माणसे उभी राहिली.

आजींनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, 'तवा करवंदीचं कुंपण मिठाला आडवं आलं. आता तारेचं करवंदीला आडवं येतं.'

त्यांनी हात लांब करून दाखवला. मी आधी नीट पाहिले नव्हते. डोंगराचा तो सबंध उतार सिमेंटच्या खांबांनी आणि तारेने चौकोन चौकोन कापलेला होता. काही चौकोनांत घरे उठली होती, काहींत नुसती पाटी आणि फाटक. मूळ मालक दूर शहरात राहत असे, आणि त्याने कधी करवंदीकडे ढुंकून पाहिले नाही. म्हणून तीन पिढ्या या बायका इथे निर्वेधपणे येत होत्या. कोणी 'या' म्हटले नव्हते आणि कोणी 'येऊ नका' म्हटले नव्हते. आता चौकोनांना मालक आले. कुठे रखवालदार हाकलतो, कुठे कुत्रा. आणि बहुतेक ठिकाणी हाकलायचीही गरज उरली नाही, कारण आत जाळीच शिल्लक नाही. हिरवळ आहे आणि तिच्यावर फिरणारे पाण्याचे कारंजे आहे.

तुम्ही म्हणाल, सरकारचा कायदा आहे की. आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने आदिवासींना रानातले गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे, आणि ती लहान गोष्ट नाही. पण तो हक्क वनजमिनीवरचा. करवंदीची खोड अशी की तिला दाट रानाची सावली मानवत नाही. तिला ऊन लागते. ती रानाच्या कडेला, माळावर, बांधावर, उघड्या उतारावर फोफावते. म्हणजे नेमकी तिथे, जिथे रान संपते आणि सातबारा सुरू होतो. आणि आपल्यासारख्यांना घर बांधायला आवडते तीही जागा तीच.

हे ऐकून मेहुणे गप्प होते. ते मुळात कठोर गृहस्थ नाहीत. त्यांची बाजूही मला कळत होती. वीस वर्षे लोकलला लोंबकळून माणसाने चार पैसे जमवले, कायद्याने जागा घेतली, तिथे साप-विंचू नसावेत, मुलीला मोकळे खेळता यावे असे त्याला वाटले, तर त्यात गैर काय? त्यांनी तसे बोलूनही दाखवले. 'भावोजी, मी काही कोणाचं हिसकावून घेतलेलं नाही.' मी म्हणालो, 'खरं आहे.' यापुढे काय बोलावे ते मला सुचेना. खरे तर अशा वेळी दोन्हीकडचे खरे असते, आणि म्हणूनच उत्तर सापडत नाही.

तेवढ्यात आमच्या सौ.ने तोंड उघडले. 'तुला कुंपण हवंच आहे ना?' ती भावाला म्हणाली. 'मग तारेवर एवढा खर्च कशाला? कडेकडेची करवंदी ठेव. इंग्रजांनी मीठ अडवलं त्या कुंपणातून तुझ्या प्लॉटमध्ये चोर येईल होय? घरापुरती मधली जागा मोकळी कर. आणि फाटकाशेजारी एक बेडं घाल, कोकणातल्यासारखं, आडवे बांबू सरकवायचं. वैशाखात ते उघडं ठेवायचं. झालं!'

'आणि साप?'

'ते पाहुणे जाळीतच राहतात,' आजी मध्येच म्हणाल्या, 'तुमच्या हिरवळीवं त्यांना ऊन लागतं.'

सगळे हसले. मेहुण्यांनी 'विचार करतो' असे म्हटले. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाच्या तोंडी या शब्दांचा अर्थ काय होतो हे मला ठाऊक आहे, म्हणून मी फारशी आशा धरली नाही. पण निघताना एक गोष्ट घडली. त्यांची कन्या त्या दोन ठाकर पोरींबरोबर जाळीआड कोंबडा-कोंबडी खेळत होती. तिला हाक मारली तर ती ओठ काळे करून आली आणि म्हणाली, 'बाबा, या ताईंना पुढच्या वर्षीपण यायचंय. मी हो सांगितलंय.' बापाने काही उत्तर दिले नाही. पण जेसीबीवाल्याला त्या आठवड्यात फोन गेला नाही, हे आमच्या सौ.ने खात्रीलायक माहिती काढून मला सांगितले.

आजींनी आम्हांला द्रोण भरून करवंदे दिली. पैसे देऊ केले तर घेईनात. 'शेठच्या झाडाची शेठला इकू व्हय?' सौ.ने मग नातीच्या वह्यांसाठी म्हणून त्यांच्या हातावर ठेवले, तेव्हा घेतले. शिवाय चार मुठी हिरवी करवंदे त्यांनी लोणच्यासाठी वेगळी बांधून दिली. शेवटच्या बहराची होती ती. घरी येऊन सौ.ने ती चिरली, बिया काढल्या, मिठाच्या पाण्यात ठेवून चीक काढला. मग हळद, फेसलेली मोहरी, मेथी, हिंग आणि गुळाचा खडा घालून, वर गार केलेली फोडणी ओतून बरणी भरली. आंब्याच्या लोणच्याला जो माज असतो तो याला नाही. पण भर पावसात गरम भाताशी हे लोणचे ज्याने खाल्ले आहे, तो आंब्याची बरणी मागे सारतो.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने करवंदाची 'कोकण बोल्ड' नावाची मोठ्या फळाची जात काढली आहे. ती कोणी बागेत, बांधावर लावावी, त्यात आनंदच आहे. करवंदात पेक्टिन भरपूर असल्याने त्याची जेली फार छान होते, सरबतही होते. चार घरांना त्यातून उद्योग मिळेल. परंतु डोंगरावरची जाळी ती डोंगरावरची. तिच्याखाली ऐन वाढतो, तिच्यात ससा लपतो, तिच्यावर बुलबुल जेवतो आणि तिच्यावर एका म्हातारीची पावसाळ्याची चूल पेटते. एवढा संसार कुंडीत मावणार नाही.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडाभोवतालची झाडी राखायला सांगितले, कारण झाडी हीच गडाची राखण. आता गड राखायचे दिवस गेले. पण डोंगराच्या पायथ्याशी ज्यांनी घर बांधले आहे किंवा बांधायचे मनात आहे, अशा वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या जागेत करवंदीची जाळी असेल, तर यंत्र बोलावण्यापूर्वी एकदा माघात तिथे संध्याकाळी जाऊन उभे राहा, आणि एकदा वैशाखात पहाटे. मग काय ते ठरवा. आणि ज्यांचा प्लॉट नाही त्यांनी, पुढच्या उन्हाळ्यात दाराशी टोपली आली, तर भाव करू नये.

मेहुण्यांचे घर अजून उठलेले नाही. पावसाळ्यात त्यांनी मध्यभागीच्या दोन जाळ्या काढल्या. एक तेवढी ठेवली, कारण तिच्यात तो ऐन आहे आणि कन्येने त्याला आपले नाव दिले आहे. कडेच्या जाळ्या जागच्या जागी आहेत. पुढच्या बाजूला मात्र तार आलीच. तिथे ते ऐकेनात. बेड्याचे बांबू आणून ठेवले आहेत, ते अजून बसवलेले नाहीत. परवा दिवाळीच्या फराळाचे बोलावणे करायला त्यांचा फोन आला, तेव्हा आमच्या सौ.ने पहिला प्रश्न विचारला तो त्या बांबूंचाच. 'ताई, वैशाखाला अजून अवकाश आहे,' ते म्हणाले.

अवकाश आहे खरा. पण माघात फुले यायची आहेत, आणि सौ.ने तिथे जायचा दिवस आताच ठरवून ठेवला आहे.